निकाल ते वसतिगृह : मधले चार महिने कोणाचे?

गेल्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या तालुक्याच्या गावी एक पालक मेळावा झाला. विषय होता ‘महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचा ताण’. एका ज्येष्ठ निवृत्त मुख्याध्यापकांनी कळकळीने सांगितले की आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, अनवाणी शाळेत गेलो, आमच्या तोंडी ताण हा शब्द कधी आला नाही. आजच्या मुलांना सगळे हातात मिळते म्हणून ती खचतात. त्यांच्यानंतर शहरातून आलेल्या एका वक्त्यांनी सर्वांना डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि सकारात्मक विचार कसा करावा हे समजावले. मग सभागृहात वाद झाला आणि तो या दोन टोकांमध्येच फिरत राहिला : एका बाजूला ‘मुले नाजूक झाली’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मुलांना समुपदेशन हवे’. मागच्या रांगेत नुकतीच बारावी झालेली चाळीस-पन्नास मुले-मुली बसली होती. तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते, हे दोन तासांत त्यांना कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही, आणि ती खंत या लेखामागे आहे.

गेली बावीस वर्षे मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडच्या बारावीच्या मुलांचा सर्वांत मोठा ताण परीक्षेचा नसतो. परीक्षा संपल्यापासून नव्या महाविद्यालयात पाय रुजेपर्यंतच्या काळाचा असतो, आणि त्या काळात ती मुले कोणाचीच नसतात. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की कनिष्ठ महाविद्यालयाचा संबंध सुटतो. पुढच्या महाविद्यालयाशी संबंध जुळतो ऑगस्टमध्ये किंवा त्याहूनही उशिरा. मधल्या काळात सीईटी, नीट, निकाल, दाखले, पसंतीक्रम, फेऱ्या, फी, खोली, मेस हे सगळे सतरा-अठरा वर्षांच्या पोराने किंवा पोरीने, बहुतेक वेळा घरात आधी कोणी या वाटेने गेलेले नसताना, एकट्याने पार करायचे असते. हा ताण मनाच्या दुबळेपणातून आलेला नाही आणि तो निव्वळ श्वसनाच्या व्यायामाने जाणारही नाही. माहिती, माणूस आणि वेळेवरची मदत यांनी तो बराच हलका होतो, आणि या तिन्ही गोष्टी पुरवणे हे शाळा-महाविद्यालयांचे काम आहे.

परीक्षेचीच भीती मुख्य असती तर चित्र वेगळे दिसले असते. २०२५ मध्ये राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. नापास झालेल्यांना त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. म्हणजे दहांतली नऊ मुले पास होतात आणि उरलेल्यांचे दारही पूर्ण बंद होत नाही. तरीही मे ते जुलै या काळात आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे चेहरे फेब्रुवारीतल्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओढलेले असतात. याचे कारण उघड आहे. परीक्षेला अभ्यासक्रम असतो, वेळापत्रक असते, बाकावर शेजारी मित्र असतो. नंतरच्या महिन्यांना यातले काहीच नसते. गावात मात्र पारावर बसलेला प्रत्येक जण विचारतो, “कितला टक्का पडनात?” आणि त्याला जोडून, “आते पुढे काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवर असते. दुसऱ्याचे उत्तर त्या मुलाजवळ नसते, घरात नसते आणि बऱ्याचदा आम्हा शिक्षकांजवळही नसते.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो. थोडा ताण उपयोगी असतो, त्याच्याशिवाय माणूस झटत नाही, आणि सगळा ताण काढून टाकला तर मुले कशालाच तोंड द्यायला शिकणार नाहीत, असे अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात. हे खरे आहे, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेले प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितले जातात. त्यांचा निष्कर्ष मात्र आपण अर्धाच सांगतो. काम सोपे असताना दडपण वाढवले तर उंदीर लवकर शिकत. काम अवघड असताना तेच दडपण एका मर्यादेपलीकडे वाढवले की त्यांचे शिकणे मंदावत असे. मग आपल्या मुलांसमोरचे काम सोपे आहे की अवघड? पाठ केलेले उत्तर लिहिणे तुलनेने सोपे. ज्या शहरात कधी मुक्काम केला नाही तिथले महाविद्यालय निवडणे, चार वर्षांच्या खर्चाचा अंदाज बांधणे, एका चुकलेल्या कागदामुळे जागा जाईल का याचा हिशेब करणे, हे वयाने दुप्पट असलेल्यांनाही अवघड जाते. अशा कामावर ताण चढवत नेला तर मूल कणखर होत नाही, गोंधळते. शिवाय जो ताण सोसून माणूस घडतो त्या ताणाला काही अर्थ असावा लागतो. गणित सुटत नाही म्हणून रात्र जागणे यात शिकणे आहे. कोणता दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो हे कळत नाही म्हणून रात्र जागण्यात कसले शिकणे आहे?

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हा दुसरा मुद्दा. त्या पिढीच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे; माझे वडील त्याच पिढीतले. पण त्या काळाची साक्ष आपण कोणाकडून ऐकतो? जे टिकले त्यांच्याकडून. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला जे अडखळले, किंवा मॅट्रिक होऊनही जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयातून पहिल्याच वर्षी परत आले, ते केळीच्या बागेत, कापसाच्या जिनिंगमध्ये, रेल्वेच्या यार्डात कामाला लागले. ते खचले होते का, रात्री त्यांना झोप लागत होती का, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्यांना मेळाव्यात भाषणालाही बोलावले जात नाही. दुसरे असे की तेव्हाची मॅट्रिक हा एक मुक्काम होता. त्या प्रमाणपत्रावर शिक्षकाची, तलाठ्याची, एसटीतली नोकरी मिळू शकत होती. घरात मॅट्रिक झालेला मुलगा हा संपूर्ण घराचा आधार असे. आजची बारावी असा मुक्काम राहिलेली नाही. तिच्यावर थांबणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून सगळ्यांना पुढे जावेच लागते आणि दारे अरुंद आहेत. २०२४ मध्ये नीट देणारी मुले देशभरात २३ लाखांहून अधिक होती आणि एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच जास्त. हे गणित मुलांना पाठ आहे. कंदील आणि अनवाणी पाय यांचे कष्ट खरे होते, पण त्यांच्याशी या गणिताची तुलना होऊ शकत नाही.

ताण कशाचा असतो हे जवळून दिसावे म्हणून दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. यावलकडच्या एका गावातली आमची विद्यार्थिनी जूनमध्ये महाविद्यालयात आली. गुण चांगले होते, सीईटीही चांगली गेली होती. तिच्या हातात निळी प्लास्टिकची फाईल होती आणि तिची चेन सतत उघड-बंद करून एका बाजूने उसवली होती. ती बोलू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला रडू लागली. आठ दिवस तिला नीट झोप नव्हती. घरचे म्हणत, टेन्शन घेऊ नको. मैत्रिणी म्हणत, टेन्शन घेऊ नको. मीही आधी तेच म्हणालो. मग फाईल उघडली. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव पूर्ण होते आणि आधार कार्डावर गावात त्यांना हाक मारतात तसे अर्धे. नॉन-क्रीमीलेयरचा दाखला आधारावरून निघालेला. कागदपत्र तपासणीत हे अडणार आणि आपली जागा खुल्या प्रवर्गात जाणार, तिथली फी वडिलांना झेपणार नाही, म्हणजे शिक्षण संपले, अशी साखळी तिच्या मनात तयार झाली होती. ती साखळी वेडगळ नव्हती; तिच्यातली प्रत्येक कडी शक्य होती. आमच्या कार्यालयातल्या लिपिकांनी फाईल पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितले की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घे, तहसीलला अमुक टेबलावर जा, वडिलांना बरोबर ने, दोन झेरॉक्स ठेव. एका कोऱ्या कागदावर त्यांनी ते क्रमाने लिहूनही दिले. ती मुलगी तो कागद घेऊन बाकावर बसली, दोनदा वाचला आणि तिने पाणी मागितले. त्या दिवशी तिचा ताण ज्यांनी उतरवला ते मानसशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांना दाखल्यांची माहिती होती आणि त्यांनी दहा मिनिटे दिली.

खान्देशात या साखळीत आणखी एक कडी असते आणि शहरातल्या चर्चेत तिचा उल्लेखही होत नाही. पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात येतात. जूनमध्ये कापसाचे बियाणे, खत, मजुरी यांना पैसा लागतो. पीककर्ज मिळायचे असते किंवा मिळालेले असते. मेच्या वादळात केळी आडवी झाली असेल तर हातात काहीच उरलेले नसते. त्याच महिन्यात मुलाची फी, वसतिगृहाची अनामत, पुण्याला जायचे भाडे. बापाने बियाण्याचे पैसे मोडून फी भरली हे मुलाला माहीत असते, आणि हे ओझे घेऊन तो पहिल्या सत्राला बसतो. अशा मुलाला ‘वर्तमानात जगा’ असे सांगून काय साधणार? त्याला हे सांगायला हवे की शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करता येतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गातल्या घरांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना तशीच स्वयंम योजना आहे. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करायचा असतो. तो त्या वेळी केला नाही तर जुलैत समितीच्या दारात रांग लावावी लागते. या गोष्टी डिसेंबरात एका तासात सांगता येतात. बहुतेक ठिकाणी त्या सांगितल्या जात नाहीत, म्हणून मूल त्या गोष्टी मित्राच्या मोबाईलवरून अर्ध्या-कच्च्या ऐकते आणि दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्राबाहेर घाबरून उभे राहते.

शिक्षक बांधव यावर म्हणतील की आमच्यावर आधीच भरपूर अशैक्षणिक कामे आहेत, पदे रिकामी आहेत, आणि मानसिक आरोग्य हे तज्ज्ञांचे काम आहे, आमच्या हातून भलतेच काही व्हायचे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. काही मुलांना खरोखर डॉक्टरची गरज असते. जो मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवण टाकतो, सगळ्यांशी बोलणे तोडतो, मरणाची भाषा करतो, त्याला उपदेश करत बसू नये; मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात ती सोय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक बारावीच्या वर्गाच्या भिंतीवर असावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, देशात सर्वाधिक. हा आकडा माहीत असलेल्या शिक्षकाने ‘हे माझे काम नाही’ असे कसे म्हणावे? आणि मुळात डॉक्टर लागणारी मुले थोडी असतात. बाकीच्यांना लागतो तो विचारपूस करणारा आणि रस्ता माहीत असलेला माणूस. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी जे निर्देश दिले त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे सर्वांनी वाचले. त्यातच पुढे विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक नेमावेत, विशेषतः परीक्षेच्या काळात आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना, असेही म्हटले आहे. त्या दुसऱ्या निर्देशाबद्दल आमच्या मेळाव्यात कोणी अवाक्षर काढले नाही.

हे काम घरच्यांचे आहे, असेही म्हटले जाते. पहिला आधार घरचाच, यात शंका नाही. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आश्रमशाळेत शिकून बारावी झालेल्या, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलीच्या आईने तिला पसंतीक्रम भरायला कसे शिकवावे? ज्या घरात ही वाट पहिल्यांदाच चालली जात आहे तिथे माया असते, माहिती नसते. हे महाराष्ट्राला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे सुरू केली, कारण खेड्यातल्या मुलाला शाळेचे दार उघडून दिले तरी शहरात राहायला जागा आणि आपले म्हणावे असे कोणी नसेल तर तो परत जातो, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या खान्देशात त्याहून जवळचे उदाहरण आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडत, कपडे धूत, आजाऱ्याजवळ रात्र काढत आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक रोज सकाळी लावत. आपण हे गुरुजींच्या कोमल स्वभावाचे वर्णन म्हणून सांगतो आणि हात जोडतो. मला त्यात शिक्षणाचा एक काटेकोर विचार दिसतो : घर सोडून आलेल्या मुलाचे मन स्थिर झाल्याशिवाय त्याच्या डोक्यात काही शिरत नाही, आणि ते स्थिर करणे हा अध्यापनाचाच भाग आहे. त्याच अंमळनेरपासून पन्नास किलोमीटरवर राहणारे आपण, मुलांना निकालाच्या दिवशी पेढा देऊन निरोप देतो.

त्या निरोपानंतर काय होते, याचे एक चित्र माझ्या मनातून जात नाही. पारोळ्याकडचा एक हुशार मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला गेला आणि दिवाळीला आला तो परत जायला तयार होईना. घरी सगळ्यांना वाटले अभ्यास झेपत नसेल. त्याला मी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, तठे माले कोणी वळखत नही.” वर्गात सगळे इंग्रजीत, शंका विचारायची तर वाक्य आधी मनात जुळवायचे, तोवर सर पुढे गेलेले. मेसमध्ये त्याच्या बोलण्याच्या हेलाची दोनदा नक्कल झाली, त्यानंतर तो बोलेनासा झाला. इथे बारावीपर्यंत जो वर्गातला पहिला होता, त्याला तिथे आपण कोणीच नाही असे वाटू लागले. हे त्याला आधी कोणी सांगितले असते की पहिले सत्र असेच जाते, अहिराणी बोलणारा तू तिथे एकटा नाहीस, तुझ्याच तालुक्यातली मुले त्याच आवारात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत आणि हे त्यांचे फोन, तर? त्याच्याच महाविद्यालयात आमचे दोन माजी विद्यार्थी शिकत होते. त्यांची नावे आमच्या कपाटातल्या वहीत होती. आम्ही ती त्याला दिली नव्हती. दिवाळीनंतर त्यांतला एक जण त्याला घ्यायला बसस्टँडवर उभा राहिला, आणि तो गेला.

खासगी क्लासबद्दल एक शब्द. त्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही; खेड्यातल्या कितीतरी मुलांना मेडिकलची वाट त्यांनीच दाखवली आणि जी शिस्त आम्ही लावू शकलो नाही ती लावली. पण क्लासचे काम निकालापाशी संपते आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याचे नाव फलकावर नसते. ते मूल पुन्हा वर्षभर तयारी करणार, की बी. एस्सी.ला जाणार, की शेतीकडे वळणार, हे ठरवताना त्याच्यासमोर बसायला कोणी नसते. तिथे कनिष्ठ महाविद्यालयाने बसायला हवे.

म्हणून माझी मागणी छोटी आणि मोजता येण्याजोगी आहे. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने निकालाच्या दिवसापासून ऑगस्टअखेरपर्यंत एक खोली उघडी ठेवावी. तिथे दाखल्यांची आणि योजनांची माहिती असलेला एक लिपिक आणि पाळीपाळीने एक शिक्षक असावा. डिसेंबरात प्रत्येक मुलाची फाईल एकदा तपासावी, नावांतले फरक तेव्हाच दुरुस्त करून घ्यावेत. माजी विद्यार्थ्यांची यादी शहरवार करून, त्यांची संमती घेऊन, जाणाऱ्या मुलांच्या हाती द्यावी. सुट्टीच्या या कामाचा मोबदला शासनाने शिक्षकांना आणि लिपिकांना द्यावा, कारण हे उपकार म्हणून चालणारे काम नाही. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, प्रत्येक मुलाला फोन करावा.

गेल्या वर्षी आम्ही तीन शिक्षकांनी विज्ञान शाखेपुरते हे करून पाहिले. एक लांब वही घेतली : नाव, गाव, कुठे प्रवेश, कोणासोबत राहतो, पहिला फोन, दुसरा फोन. पहिल्या फोनचा रकाना जवळजवळ भरला. दुसऱ्या फोनच्या रकान्यात काही नावांपुढे ‘बंद’ असे लिहिले आहे, आणि त्या मुलांच्या गावी जायचे आम्ही या रविवारी ठरवले आहे.